लढाईहून परतलेल्या चाकांच्या आगबोटी

मंडालेच्या घाटाला २९ नोव्हेंबर १८८५ रोजी 'थूरिया' नावाची आगबोट लागलेली होती. ब्रह्मदेशाचा राजा थिबा आणि राणी सुपयालत यांना बैलगाड्यांतून तिथवर आणण्यात आले. दुतर्फा ब्रिटिश फौजेच्या रांगा, मागे रडणारी रयत. एरवी हीच बोट इरावती नदीत तांदळाची पोती, भिक्खू, व्यापारी आणि बाजाराला निघालेल्या बायका वाहून न्यायची. त्या संध्याकाळी तिने एक राज्यच उचलून नेले. पुढे समुद्रमार्गे मद्रास आणि तिथून एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी, असा थिबाचा प्रवास झाला. तीस वर्षे रत्नागिरीत काढून डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथेच वारला. १९१० मध्ये पुरा झालेला थिबा राजवाडा रत्नागिरीला जाणारा प्रत्येक पर्यटक पाहतो. थूरियाची चौकशी मात्र कोणी करत नाही.

थूरिया ज्या इरावडी फ्लोटिला कंपनीची होती, तिचा जन्मच लढाईच्या उरलेल्या सामानातून झाला होता. १८५२ च्या दुसऱ्या ब्रह्मी युद्धात कंपनी सरकारने नदीत फौज नेण्यासाठी चाकांच्या आगबोटी वापरल्या. युद्ध संपले, खालचा ब्रह्मदेश खालसा झाला, आणि या बोटींचे करायचे काय हा प्रश्न उभा राहिला. १८६५ च्या सुमारास ग्लासगोच्या व्यापाऱ्यांनी त्यांतल्या चार बोटी आणि काही तराफे विकत घेतले आणि प्रवासी वाहतूक सुरू केली. वीस वर्षांनी तिसरे ब्रह्मी युद्ध पेटले तेव्हा जनरल प्रेंडरगास्टची फौज मंडालेपर्यंत नेणारा ताफा याच कंपनीचा होता. लढाईतून उतारूंकडे आणि उतारूंकडून पुन्हा लढाईकडे अशा या फेऱ्या पुढची शंभर वर्षे जगभर चालू राहिल्या. कोणत्या बोटी परतल्या, कोणत्या बुडाल्या आणि परतलेल्यांचे पुढे काय झाले, याचा हा आढावा. त्याचे काही धागे मुंबईच्या गोदीत आहेत, काही गोदावरीत, आणि एक बारीक धागा गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगडपर्यंत जातो.

या बोटींची रचना समजल्याशिवाय त्यांचे नशीब समजत नाही. वाफेचे यंत्र मधोमध आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यांच्या फळ्या बसवलेली प्रचंड चाके. काही नदीबोटींना एकच चाक असे, तेही मागे. पाण्याखाली पंखा नाही, त्यामुळे तळ सपाट ठेवता येई आणि तीन-चार फूट पाण्यातूनही बोट निघे. चाकांमुळे वरचा डेक ऐसपैस होई आणि शेकड्यांनी माणसे मावत. बोट चटकन वेग घेई, चटकन थांबे. सहलीला निघालेल्या कुटुंबांसाठी जे सोयीचे, तेच सैन्याला हवे होते. उथळ पाण्यात शिरावे, एका खेपेत पलटण चढवावी, धक्का नसला तरी काठाला लागावे. खोट एकच, पण मोठी. भर समुद्रात बोट डोलू लागली की एक चाक पाण्यात बुडायचे आणि दुसरे हवेत फिरायचे. पंखा आल्यावर खोल समुद्रातून चाके हद्दपार झाली ती यामुळेच. कोकण किनाऱ्यावर शेफर्ड कंपनीच्या ज्या आगबोटी हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले करत जायच्या, त्या आजी-आजोबांच्या काळापर्यंत पंख्याच्याच झाल्या होत्या. चाकांना आसरा उरला तो नद्या, खाड्या, तळी आणि शांत आखातांचा.

पण त्याआधी मुंबईनेच चाकांच्या बोटी बांधल्या, आणि त्याही नामांकित. वाडिया घराण्याच्या हाताखाली मुंबईच्या गोदीत तयार झालेली 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी निघून ३३ दिवसांत सुवेझला पोचली. विलायतेची टपाल त्या वाटेने नेता येते हे तिने दाखवून दिले. कोळसा इतका भरावा लागे की माणसांना जागा उरत नसे. पहिल्या सफरीत प्रवाशांपेक्षा कोळशाचाच थाट अधिक. नंतरच्या वर्षांत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराने चाकांच्या बोटींचा ताफाच उभा केला. त्यातली 'झेनोबिया' मूळची आयर्लंडची 'किल्केनी'. ती वॉटरफर्डहून ब्रिस्टलला डुकरे पोचवत असे. तिला विकत घेऊन तोफा चढवल्या आणि ती १८५२ च्या ब्रह्मी युद्धात उतरली. आरमाराच्या इतिहासात असा बढतीचा दाखला विरळा.

१८५४ मध्ये कर्सेटजी रुस्तमजी वाडिया यांच्या देखरेखीखाली दोन मोठ्या चाकी युद्धनौका पाण्यात उतरल्या. एकीचे नाव 'पंजाब', दुसरीचे 'असई'. दुसरे नाव मराठी वाचकाला खटकल्याशिवाय राहणार नाही. जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला, त्याची ही आठवण. मलबारी सागवानाची बोट मुंबईच्या कारागिरांनी घडवली आणि नाव मिळाले मराठ्यांच्या पराभवाचे. १८५६-५७ च्या इराण युद्धात या चाकी बोटी इराणच्या आखातात गेल्या. मार्च १८५७ मध्ये मोहम्मरा येथे किनाऱ्यावरच्या तोफांशी झुंजणाऱ्यांत 'असई' होती. त्याच वर्षी उठावाच्या काळात 'पंजाब'वरचे खलाशी ढाक्याला उतरवले गेले आणि नोव्हेंबरात लालबागेत शिपायांशी लढले.

१८६३ मध्ये हिंदुस्थानी आरमारच मोडीत निघाले. दोन्ही बोटी लंडनचा जहाजमालक जॉन विलिस याने घेतल्या. 'असई' विकून आलेल्या पैशांतच दोन्हींची किंमत वसूल झाली असे सांगतात. 'असई' पुढे आयर्लंडच्या किनाऱ्यावर फुटली. 'पंजाब'ची चाके आणि यंत्रे मात्र विलिसने काढून टाकली, तिला शिडे चढवली आणि 'द ट्वीड' असे नाव दिले. वाफेच्या युगात वाफ उतरवून ठेवणारी बोट! इराणच्या आखातात तारेचा समुद्री दोर टाकण्याच्या कामात तिने माल वाहिला, मग प्रवासी आणि माल घेऊन हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा सफरी केल्या. ती इतकी वेगवान निघाली की विलिसने १८६९ मध्ये नवे जहाज बांधायला घेतले तेव्हा आरेखकाला आधी 'द ट्वीड'चा सांगाडा न्याहाळायला लावले. ते नवे जहाज म्हणजे 'कटी सार्क'. लंडनच्या ग्रिनिचमध्ये आज लाखो लोक ज्या जहाजासमोर छायाचित्रे काढतात, त्याच्या अंगाबांध्यात मुंबईच्या गोदीतल्या सुतारांचे थोडे का होईना देणे आहे. १८८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ 'द ट्वीड' निकामी झाली.

लढाईतून निवृत्त झालेल्या चाकी बोटीला दीर्घायुष्य हवे असेल तर तिने चाके टाकावीत, हा धडा त्या काळापुरता तरी खरा होता.

आता चिचगडचा धागा. देवरी तालुक्यातल्या या गावापासून समुद्र दोन्ही दिशांना शेकडो मैल. पण चिचगडच्या डोंगरपट्ट्यातून निघणारी बाघ नदी वैनगंगेला मिळते, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विरते. या पाण्याच्या वाटेवर एकेकाळी चाकांच्या आगबोटींचे मोठे स्वप्न रचले गेले होते. गोदावरीच्या मुखाशी धरण बांधणारे आर्थर कॉटन यांना नदीतून थेट मध्य प्रांतापर्यंत बोटी न्यायच्या होत्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस एकदम सोन्याच्या भावाचा झाला. गोदावरीच्या योजनेला जोर चढला. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल हे तिचे खंदे पुरस्कर्ते. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवर देवलमरी. तिथे बंधारे, कालवे, जलद्वारे यांची कामे निघाली. पूर असेल तेव्हा बोटी वर यायच्या, पाणी उतरले की वाळूत बसायच्या.

मग दोन गोष्टी घडल्या. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, आणि १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. १८७१ मध्ये सरकारने गोदावरीच्या कामाला पूर्णविराम दिला. दूरच्या युद्धाने पाळण्यात घातलेली योजना शांततेने गुंडाळली. वैनगंगेच्या खोऱ्यातला माणूस मुंबईला गेला तो रेल्वेने, आणि आगबोट पाहिली असेल तर तिथेच.

चाकी बोटींचा युद्धातला सर्वात दुःखद अध्याय मात्र मराठी माणसाच्या अगदी जवळचा आहे, आणि आश्चर्य म्हणजे त्यावर मराठीत फार कमी लिहिले गेले. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४ मध्ये, हिंदी फौज तुर्कांशी लढायला बसऱ्याला उतरली. मेसोपोटेमियात रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. होती ती टायग्रिस नदी, वळणावळणाची, उन्हाळ्यात गुडघाभर पाण्याची. तिच्यावर लिंच ब्रदर्स या इंग्रज कंपनीच्या चाकी आगबोटी गेली पन्नास वर्षे बगदाद-बसरा प्रवासी आणि खजूर वाहत होत्या. 'ब्लॉस लिंच', 'मजिदिया' ही त्यांची नावे. सैन्याने त्या ताब्यात घेतल्या. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या. कोकणातले, देशावरचे, सातारा-कोल्हापूरकडचे जवान. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या उंबरठ्यावर टेसिफोनला लढाई झाली. हजारो जखमी झाले आणि त्यांना मागे आणायला दवाखान्याची एकही धड बोट नव्हती.

'मजिदिया' जखमींना घेऊन बसऱ्याला पोचली तेव्हा मेजर कार्टर हा सैन्यातला डॉक्टर धक्क्यावर होता. बोटीच्या बाजूंवरून दोरखंड लोंबत आहेत असे त्याला लांबून वाटले. जवळ आल्यावर कळले, ती उघड्या डेकवर दिवसचे दिवस पडून राहिलेल्या आमांशाच्या रुग्णांची विष्ठा होती. जखमा सडलेल्या, अंथरूण नाही, पांघरूण नाही. वरिष्ठांनी कार्टरला गप्प बसवायचा प्रयत्न केला, पण त्याचे निवेदन १९१७ च्या मेसोपोटेमिया कमिशनसमोर आले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. सहलीच्या बोटीवर सैनिक चढवणे सोपे. जखमी उतरवायला लागणारे डॉक्टर, पाणी, खाटा बोटीबरोबर आपोआप येत नाहीत. टेसिफोनहून मागे हटलेल्या फौजेला पडलेला कूत-अल-अमाराचा वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला आणि या तिन्ही मराठा पलटणींचे जवान तुर्कांच्या कैदेत गेले. ११७ व्या पलटणीला पुढे 'रॉयल' हा किताब मिळाला.

या बदनामीनंतर बोटींची जमवाजमव झाली ती घाईची. इरावतीतल्या, गंगेतल्या, ब्रह्मपुत्रेतल्या चाकी आगबोटी समुद्र ओलांडून बसऱ्याला धाडल्या गेल्या. नदीच्या सपाट तळाच्या या बोटी अरबी समुद्राच्या लाटांना तोंड देणार कशा? अनेक वाटेतच फुटल्या. पोचलेल्यांनी बगदाद घेतले. बोटींवर काम करणाऱ्यांत चितगावचे तसे रत्नागिरी जिल्ह्यातलेही सारंग, तांडेल आणि आगवाले होते. रॉयल इंडियन मरीनमध्ये रत्नागिरीच्या मुसलमान खलाशांची भरती पूर्वापार होत असे. युद्ध संपल्यावर या ताफ्याचा बराचसा भाग लिलावात निघाला. कोळसा खाऊन, वाळूत आपटून, गोळ्या झेलून बोटींचे पत्रे झिजले होते. ज्या नदीतून त्या उचलल्या होत्या, तिथल्या प्रवाशांनी चार वर्षे कमी बोटींत दाटीवाटीने दिवस काढले, याची नोंद कोणत्याही विजयपत्रात नाही.

याच युद्धात ब्रिटनमध्ये चाकी बोटींना वेगळेच काम मिळाले. जर्मनांनी पेरलेले सुरुंग पाण्याखाली नांगरलेले असत. चाकी बोट इतकी उथळ की ती सुरुंगावरून सहीसलामत निघून जाई, आणि मागे सुरुंग कापणारा तारदोर ओढायला तिच्यात ताकद होती. ब्रायटनच्या किनाऱ्यावर सहली नेणाऱ्या बोटींपासून ही कल्पना आजमावली गेली. ती इतकी जमली की नौदलाने १९१६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानांची नावे देऊन खास चाकी सुरुंगनाशक बांधून घेतले. त्यातली 'ॲस्कॉट' १० नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे युद्धविरामाच्या आदल्या दिवशी, पाणबुडीने बुडवली. तिच्याच दोन भगिनींचा नशिबाचा फेरा उलटा. 'ॲथरस्टोन' आणि 'मेल्टन' या युद्धासाठीच जन्मलेल्या बोटी १९२० च्या दशकाच्या अखेरीस एका सहल कंपनीने घेतल्या, त्यांना 'क्वीन ऑफ केंट' आणि 'क्वीन ऑफ थॅनेट' अशी गोंडस नावे दिली आणि त्या टेम्सच्या मुखावर आइस्क्रीम खाणारी पोरे फिरवू लागल्या. १९३९ मध्ये नौदलाने त्यांना पुन्हा बोलावले. दोघी डंकर्कला गेल्या, दोघी परतल्या, १९४९ मध्ये त्यांना तिसरी नावे मिळाली, आणि दोन-तीन वर्षांत दोघी भंगारात गेल्या.

डंकर्क हा या बोटींचा परमोच्च क्षण, त्याबद्दल वाद नाही. २६ मे ते ४ जून १९४० या काळात ३,३८,२२६ सैनिक फ्रान्सच्या किनाऱ्यावरून उचलले गेले. त्यात 'मेडवे क्वीन' या १९२४ च्या छोट्या चाकी बोटीने सात खेपा करून सुमारे सात हजार माणसे आणली. किंमतही तशीच. २९ मे हा एक दिवस पाहा: 'वेव्हर्ली' बुडाली, लोकप्रिय गायिकेच्या नावाची अवघी चार वर्षांची 'ग्रेसी फील्ड्स' बाँबने निकामी झाली, 'क्रेस्टेड ईगल' पेटून किनाऱ्यावर चढली आणि शेकडो माणसे जळाली. तिचा सांगाडा ओहोटीला आजही वाळूतून वर दिसतो. पहिल्या महायुद्धातून सुखरूप परतलेली 'वेव्हर्ली' दुसऱ्यात गेली, हे त्या पिढीच्या बोटींचे प्रातिनिधिक नशीब.

मग शांतता आली. खरी कहाणी इथून सुरू होते, आणि बहुतेक लिखाण नेमके इथेच थांबते.

१९४६ आणि ४७ चे उन्हाळे चाकी बोटींसाठी सुगीचे होते. सहा वर्षे काटेरी तारांनी बंद असलेले समुद्रकिनारे उघडले, खिशात पैसे होते, मोटारीला पेट्रोल नव्हते. 'जीनी डीन्स' क्लाइड नदीवर परतली, 'मेडवे क्वीन' टेम्सच्या मुखावर. ब्रिस्टल खाडीतल्या कंपनीने 'ब्रिस्टल क्वीन' आणि 'कार्डिफ क्वीन' या दोन नव्याकोऱ्या चाकी बोटी बांधल्या. डंकर्कला गेलेल्या 'वेव्हर्ली'च्या जागी त्याच नावाची बोट ऑक्टोबर १९४६ मध्ये पाण्यात उतरली आणि पुढच्या जूनमध्ये धावू लागली. कंपन्यांनी या गर्दीला कायमची गर्दी समजण्याची चूक केली. दहा वर्षांत लोकांकडे मोटारी आल्या, बस आली, मग स्वस्तात विमानाने स्पेन. कोळसा महाग, बोटीवर माणसे फार, आणि युद्धात दामटलेल्या बॉयलरची दुरुस्ती कंपनीच्या आटोक्याबाहेरची. 'ब्रिस्टल क्वीन' आणि 'कार्डिफ क्वीन' जेमतेम वीस वर्षे जगून १९६८ मध्ये भंगारात निघाल्या. 'जीनी डीन्स' त्यांच्या वर्षभर आधी.

दोन बोटींचा नाइटक्लब झाला. 'मेडवे क्वीन' १९६३ मध्ये थांबली आणि आइल ऑफ वाइटच्या एका खाडीत तिच्यावर नाचगाणे सुरू झाले. नॉर्मंडीच्या चढाईत भाग घेतलेली 'राइड' पुढे तिच्याच शेजारी येऊन त्याच धंद्याला लागली. 'राइड' पुढे तिथेच चिखलात कोसळत राहिली. 'मेडवे क्वीन' मात्र १९८० च्या दशकात काही हट्टी लोकांनी बार्जवर घालून मेडवे नदीत परत आणली. लॉटरीच्या आणि युरोपीय निधीतून ब्रिस्टलच्या गोदीत तिचा सांगाडा जुन्या पद्धतीने, रिव्हेट ठोकून, नव्याने घडवला आणि २०१३ मध्ये ती घरी पोचली. 'वेव्हर्ली' १९७३ मध्ये थांबली, तेव्हा मालकांनी ती चाकी बोटींच्या चाहत्यांच्या संस्थेला एका पौंडाला दिली. देताना त्यांना ती पुन्हा धावेल असे वाटले नसावे. १९७५ पासून ती धावते आहे, आणि समुद्रात उतारू नेणारी जगातली शेवटची चाकी आगबोट म्हणून ओळखली जाते. तिला वाचवले वर्गणीने, तिकिटाने आणि स्वयंसेवकांनी. सरकारी कृतज्ञता तिथे फार उशिरा आली.

अमेरिकेने तर दुसऱ्या महायुद्धात चाकी बोटींचे विमानवाहू जहाज केले. बफेलो-क्लीव्हलँडच्या सरोवरात आलिशान रात्रप्रवास घडवणाऱ्या 'सीअँडबी' आणि 'ग्रेटर बफेलो' यांचे मजले कापून वर सपाट धावपट्टी बसवली, नावे दिली 'वुल्व्हरिन' आणि 'सेबल'. बाजूला चाके, वर विमाने! मिशिगन सरोवरात पाणबुड्यांचे भय नव्हते, म्हणून हजारो तरुण वैमानिक तिथे उतरायला शिकले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश त्यातलेच. युद्ध संपल्यावर तीन वर्षांत दोन्ही भंगारात निघाल्या. उतारूंसाठी त्या पुन्हा बांधणे परवडणारच नव्हते. गोंदियाकरांनी इथे क्षणभर थांबायला हरकत नाही. त्याच महायुद्धासाठी १९४० च्या सुमारास बांधलेली गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी आज वैमानिक घडवते आहे. युद्धाने बांधलेली धावपट्टी टिकते, युद्धाने नेलेली बोट टिकत नाही. कारण धावपट्टीची जागा हलत नाही आणि बोटीची जागा तोवर दुसऱ्या कोणीतरी घेतलेली असते.

इरावतीवर हेच सर्वात क्रूरपणे घडले. युद्धापूर्वी फ्लोटिला कंपनीकडे सहाशेंहून अधिक लहानमोठ्या बोटी होत्या, जगातला सर्वात मोठा नदीताफा. तिची सगळ्यात मोठी बोट ३२६ फूट लांब आणि चार हजारांवर उतारू घेणारी. १९४२ मध्ये जपानी फौज वर सरकू लागली तेव्हा कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून, मंडालेच्या आसपास आणि वरच्या नदीत शेकड्याने बोटी बुडवल्या. तळाला भोके पाडून आणि गोळ्या झाडून. युद्धानंतर काही वर काढल्या, काही क्लाइडहून नव्या मागवल्या, आणि १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाने उरलेला व्यवसाय राष्ट्रीयीकृत केला. युद्धातल्या बोटींपासून सुरू झालेली कंपनी युद्धानेच बुडवली.

बंगालची गोष्ट याहून वेगळी निघाली आणि म्हणूनच ती मोलाची. गार्डन रीचच्या कारखान्यात बांधलेल्या 'महसूद' (१९२८), 'ऑस्ट्रिच' (१९२९) आणि 'लेपचा' (१९३८) या चाकी आगबोटींनी महायुद्ध पाहिले, फाळणी पाहिली, १९६५ आणि १९७१ पाहिले. १९६५ च्या युद्धाने कोलकाता ते आसाम हा पूर्व पाकिस्तानातून जाणारा जुना नदीमार्ग तोडला. रिव्हर्स स्टीम नेव्हिगेशन ही शतकभराची कंपनी त्या धक्क्यातून सावरली नाही आणि १९६७ मध्ये तिच्या जागी सरकारी महामंडळ आले. सीमेपलीकडे मात्र चाके फिरत राहिली. ढाका, चांदपूर, बारिसाल, खुलना या वाटेवर लोक या बोटींना 'रॉकेट' म्हणत. पुढे वाफेची यंत्रे काढून डिझेल बसवले, पण चाके तीच. एकविसाव्या शतकातही त्या नेमाने धावत होत्या. त्यांना कोणी वारसा म्हणून जपले नव्हते. खालच्या मजल्यावर केळीचे घड, कोंबड्या आणि चटईवर झोपलेली कुटुंबे असत. तिथे रस्ता नव्हता, पूल नव्हता, बोट लागायचीच. पूल झाले, रस्ते झाले, आणि २०२२ मध्ये नेमाची सेवा थांबली.

या साऱ्या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. लढाईत गाजवलेल्या पराक्रमाचा बोटीच्या पुढच्या आयुष्याशी जवळजवळ काही संबंध नाही. डंकर्कच्या बहुतेक वीरांगना भंगारात गेल्या आणि बंगालच्या अनाम बोटी नव्वद वर्षे टिकल्या. टिकली ती बोट, जिच्या धक्क्यावर सकाळी माणूस उभा होता आणि ज्याला दुसरी वाट नव्हती. किंवा जिच्यासाठी वर्गणी मागत फिरणारे काही वेडे लोक निघाले. तोफांपेक्षा मोटारगाडीने जास्त बोटी बुडवल्या, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

महाराष्ट्राच्या बाजूने पाहिले तर हिशेब खिन्न करणारा आहे. मुंबईत बांधलेले शिडाचे 'त्रिंकोमाली' (१८१७) पाहायचे तर इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जावे लागते. 'पंजाब'चे गुण शोधायचे तर ग्रिनिचला. इथे चाकी बोटींपैकी एकही उरली नाही, त्यांचे एखादे चाकही नाही. १९७१ च्या युद्धातली 'विक्रांत' सुद्धा आपण २०१४ मध्ये दारूखान्यात तोडायला दिली. कोलकात्याने निदान दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डम्बार्टनला बांधलेली 'भोपाळ' ही चाकी आगबोट वर्षानुवर्षे गंजल्यानंतर दुरुस्त करून हुगळीवर पुन्हा लोकांसमोर आणली. मुंबई बंदराला हे अशक्य होते असे नाही; मनात आले नाही इतकेच.

बोटी गेल्या, पण कागद अजून आहेत. रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धनकडच्या कित्येक घरांतल्या पेट्यांत पणजोबांचे खलाशीपणाचे दाखले, बसऱ्याहून आलेली पत्रे, पलटणीची पदके पडून आहेत. सिरोंच्याच्या आसपास गोदावरी-प्राणहितेच्या जुन्या कामांचे अवशेष आणि त्यांच्या आठवणी सांगणारी माणसे आहेत. हे कागद वाळवीच्या आधी राज्य पुराभिलेखागाराकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे पोचावेत. मूळ कागद द्यायचे नसतील तर छायाप्रती द्याव्यात, पण द्याव्यात.